बिटाची मळी, मीठ आणि गंज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठात वनस्पतिजन्य द्रव्ये मिसळून पोलाद वाचवता येते, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : बिटाचा रस ही निव्वळ जाहिरात आहे, प्रयोगशाळेतले आकडे रस्त्यावर टिकत नाहीत, आणि जस्ताचा मुलामा असताना या खटाटोपाची गरज नाही. यांपैकी दुसरा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे.

हे बीट कोशिंबिरीतले लाल बीट नव्हे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर, रेड नदीच्या खोऱ्यात, पांढऱ्या कंदाचे शुगरबीट अमाप पिकते आणि त्याची साखर काढून घेतल्यावर, आपल्याकडे उसाची उरते तशीच, मळी उरते. ती मिसळल्याने मीठ रस्त्याला चिकटून राहते, उडून कडेला जात नाही आणि त्यामुळे कमी लागते. हा फायदा निर्विवाद आहे. त्यातले सेंद्रिय रेणू पोलादावर पातळ थर धरून गंजाचा वेग कमी करतात, हा दुसरा फायदा मात्र परिस्थितीवर अवलंबून असतो. लेखात मी दोन्हींची सरमिसळ केली, ही माझी चूक आहे.

वनस्पतीतली द्रव्ये लोखंडाशी संयोग पावतात, हे घरातही दिसते : आवळा चिरताना विळीचे पाते काळे पडते, तो आवळ्यातील टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड यांचा संयोग असतो. आपली प्रतिक्रिया वाचून मी दोन खिळे मिठाच्या पाण्यात ठेवले आणि एका पेल्यात हिरड्याचा काढा घातला. दुसऱ्या दिवशी साध्या पेल्याच्या तळाशी नारिंगी गाळ होता, तर काढ्यातला खिळा निळसर काळा झाला होता. तरीही हा पुरावा मी पुढे करणार नाही, कारण आम्लधर्मी काढा स्वतःच लोखंड विरघळवतो. जुनी काळी शाई याच गुणावर तयार होत असे.

अमेरिकेच्या वायव्येकडील राज्यांच्या निकषानुसार, गंजरोधक मिसळलेले द्रव्य साध्या मिठापेक्षा किमान 70 टक्के कमी गंजवणारे असावे लागते. त्यासाठी पोलादी चकत्या दर तासाला 10 मिनिटे द्रावणात आणि 50 मिनिटे हवेत, अशा पद्धतीने 72 तास ठेवतात. गाडी मात्र हिवाळाभर मीठ अंगावर वागवते. बर्फ वितळवण्यासाठीच वापरला जाणारा दुसरा क्षार, मॅग्नेशियम क्लोराइड, तर सुमारे 33 टक्के आर्द्रतेतही हवेतले पाणी ओढून ओलाच राहतो, तर साध्या मिठाला त्यासाठी सुमारे 75 टक्के आर्द्रता लागते. दाराच्या खालच्या दुमडीत अडकलेला हा ओला चिखल तीन दिवसांच्या चाचणीत कुठेच येत नाही.

जस्ताविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. मुलामा हवाच, पण मिठातले क्लोराइड जस्तालाही खाते आणि पुलांच्या काँक्रीटमधील साध्या सळयांना मुलामा नसतोच. तेथे मीठच कमी टाकणे हाच खरा बचाव आहे.

आपण न घेतलेला एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो : मळी ओढ्यात वाहून गेली की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो आणि त्याची झळ माशांना बसते. हा मुद्दा आता मूळ लेखात घातला आहे आणि ‘गंज थांबतो’ हे शब्द काढून तेथे ‘गंजाचा वेग काही परिस्थितीत कमी होतो’ असे लिहिले आहे.