डबीवर लिहिले म्हणजे पुरावा झाला का?

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. तेव्हापासून एक मजकूर फिरतो आहे: 'अफजलखानाचा कोथळा काढला ती हीच वाघनखे. इंग्रजांनी तसे लिहून ठेवले आहे, संग्रहालयानेही मान्य केले आहे. शंका घेणारे महाराजांच्या पराक्रमावरच शंका घेतात.' यातला एकही मुद्दा टिकत नाही.

'संग्रहालयाने मान्य केले आहे.' नाही. उलट, ही वाघनखे महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खातरजमा करता आलेली नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. ज्यांच्या ताब्यात वस्तू आहे ते एवढे जपून बोलतात आणि आपण छातीठोकपणे सांगतो.

'इंग्रजांनी लिहून ठेवले आहे.' हा सगळ्यांत वजनदार वाटणारा मुद्दा, म्हणून तो नीट पाहू. लिहिलेले आहे ते वाघनखांवर नाही, त्यांच्या डबीवर. जेम्स ग्रँट डफ १८१८ मध्ये साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे तिथला इंग्रजांचा प्रतिनिधी, झाला. तो स्कॉटलंडला परतल्यानंतर ही डबी बनवली गेली. तिच्यावरच्या मजकुराचा आशय असा: शिवाजीने मोगल सरदाराला मारले ते हे वाघनख, मराठ्यांच्या पेशव्याच्या प्रधानाने डफला दिले.

मोगल सरदार? अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे आपल्याकडे चौथीतले पोर सांगेल. खुद्द डफलाही ते पक्के ठाऊक होते. १८२६ साली छापलेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात खान विजापूरचाच आहे. त्यामुळे डबीवरचे वाक्य डफने स्वतः नीट वाचून कोरून घेतले असेल, असे मला वाटत नाही. आणि 'पेशव्याचा प्रधान' म्हणजे नक्की कोण? त्याचे नाव नाही, दिल्याची तारीख नाही. पेशवे स्वतःच छत्रपतींचे प्रधान. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पुढे बिठूरला गेला. मग हा प्रधान कोणाचा? एका ओळीत दोन गोष्टी अशा ढिल्या असताना तिसरीच, म्हणजे वाघनख महाराजांचे ही, तेवढी खरी कशी धरायची?

त्याहून मोठी अडचण मधल्या काळाची आहे. प्रतापगडाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. तिथून डफपर्यंत जवळजवळ १६० वर्षे होतात. त्या काळात १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला, येसूबाई आणि शाहूराजे कैदेत गेले. अशा उलथापालथीतून हे बोटभर लांबीचे हत्यार कोणाकडून कोणाकडे गेले, याचा कागद दाखवा. लंडनची वाघनखे ती नव्हेत, हे इंद्रजित सावंतांसारखे इतिहास संशोधक जाहीरपणे सांगत आले आहेत.

'मग ती बनावट आहेत' असेही काहीजण लगेच म्हणतात. तेही घाईचे आहे. वस्तू जुनी असू शकते. पोलादी पट्टी, तिला वाकडी नखे, दोन टोकांना बोटांत घालायच्या कड्या. मूठ मिटली की बाहेरून नुसत्या अंगठ्या दिसतात. अशी वाघनखे अनेक संग्रहांत आहेत. प्रश्न आहे तो तिला चिकटवलेल्या नावाचा.

आणि 'शंका म्हणजे पराक्रमावर शंका', हे मला सर्वांत जास्त लागते. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरचा माणूस. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने बखर लिहिली. डाव्या हातात वाघनख, उजव्या हातात बिचवा, हे त्याने लिहून ठेवले, तेव्हा डफ जन्मायला जवळजवळ शंभर वर्षे होती. प्रतापगडचा प्रसंग लंडनच्या डबीवर अवलंबून नाही, कधीच नव्हता.

ही वाघनखे पाहताना आजोबा नातवाला हात जोडायला लावतील. लावावेत, त्या भक्तीपुढे मीही नम्र आहे. फक्त काचेशेजारी लंडनच्या संग्रहालयाचे ते 'खातरजमा झालेली नाही' मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. नातवाला ते वाचता येईल.