व्हीआरमध्ये कर्सर संपलेला नाही

‘व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून पाहायच्या आभासी जगात, कर्सर लागतच नाही. हात आपला, नजर आपली, पाय आपले. मग शिकायचं काय?’ हा दावा वारंवार फिरताना दिसतो. तो चुकीचा आहे. शिवाय हेडसेट घातल्यावर ज्याला बटण दाबायला जमत नाही, तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो.

आधी हाताचं पाहू. माउस चालवताना हाताचं वजन टेबल पेलतं आणि हात काढला तरी कर्सर जागचा हलत नाही. व्हीआरमध्ये हात अधांतरी असतो. हातात धरलेल्या कंट्रोलरमधून निघणारा किरण पाच मीटरवरच्या फलकावर धरा आणि मनगट फक्त एक अंश हलू द्या: टोक जवळपास ९ सेंटिमीटर सरकतं. एवढ्यात शेजारचं बटण येतं. त्यात ट्रिगर, म्हणजे कंट्रोलरचं बटण, दाबण्याच्या धक्क्यानेच नेम चुकतो. या क्षेत्रात त्याला ‘हायझेनबर्ग परिणाम’ म्हणतात. यावर एक साधा उपाय आहे: दाबण्याच्या क्षणाची नव्हे, त्याच्या किंचित आधीची दिशा धरायची. म्हणजे हाताची चूक सॉफ्टवेअरने पोटात घालायची. हात ‘नैसर्गिक’ आहे म्हणून हे काम टळत नाही. दहा मिनिटांत खांदा भरून येतो, ते वेगळंच.

‘मग नजरेने निवडा, ती सर्वांत वेगवान.’ वेगवान आहे, कबूल. पण डोळा पाहण्यासाठी आहे. जे पाहिलं ते उघडत गेलं तर वाचायचं कसं? हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या मिडास राजाच्या स्पर्शावरून या अडचणीला नाव पडलं आहे. म्हणूनच अ‍ॅपल व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये नजर फक्त निवडते, होकार चिमटीने द्यावा लागतो. जिकडे पाहाल ती गोष्ट तिथे उजळते. तो उजाळा म्हणजे कर्सरच, फक्त बाणाचा आकार नाही. शिवाय ज्यांना नजरेने जमत नाही त्यांच्यासाठी डोकं, मनगट किंवा तर्जनीने पॉइंटर चालवण्याची सोय त्यात दिलेली आहे.

खोलीचा, म्हणजे जवळ-दूर अंतराचा, मुद्दा तर दावेदारांच्या गावीही नसतो. अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि पलीकडच्या भिंतीकडे पाहा. अंगठे दोन दिसतील. कर्सर जवळ आणि लक्ष्य दूर असलं की हेडसेटमध्ये नेमकं हेच होतं. म्हणून कर्सर लक्ष्याच्याच अंतरावर नेऊन टेकवावा लागतो.

राहिले पाय. ‘जॉयस्टिकने सरळ चालणं हेच खरं, टेलिपोर्ट, म्हणजे एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी, ही पळवाट.’ डोळे सांगतात आपण चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण उभेच आहोत, आणि पोटात ढवळायला लागतं. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांना सवयीचं प्रवचन देऊन भागत नाही. टेलिपोर्टमध्ये मधला प्रवासच दिसत नाही, त्यामुळे हा झगडा टळतो. आणि तिथे तुम्ही करता काय? हातातून निघालेली कमान जमिनीवर टेकवता, तिच्या टोकाचं वर्तुळ हव्या त्या जागी नेता आणि बटण सोडता.

ते वर्तुळ म्हणजे कर्सर.