मानकुरादाचं कलम आणि उंदराच्या पाठीवरची पांढरी कातडी

भाई, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली पण लाईट गेली आणि उत्तर राहिलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी मागच्या लेखात इम्युनिटीला उगाच डोक्यावर चढवलं, रायवळ आंब्यावर मानकुराद जातीच्या आंब्याचं कलम बांधलं की ती फांदी हळूहळू त्या झाडाचीच होऊन जाते, तशी परकी कातडीपण त्या शरीराचीच होऊन जात असणार, मग 'टॉलरन्स' (शरीराने परक्याला न फेकता ठेवून घेणं) हा शब्द कशाला.

आक्षेप आवडला, खोटं नाही सांगत. पण त्या कलमाला आंबे कुठले लागतात ओ? मानकुरादच ना? वीस वर्षं झाली तरी फांदी रायवळ होत नाही. झाड तिला सांभाळून घेतं कारण झाडाच्या अंगात परक्याला शोधत फिरणाऱ्या लिम्फोसाइट (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नसतात. आपल्या असतात, सगळा खेळ तिथेच आहे.

आता कातडीच बदलते की शरीर गप्प बसतं, हे ओळखायचं कसं? मेडावर, बिलिंगहॅम आणि ब्रेंट या तिघा शास्त्रज्ञांचा 1953 चा प्रयोग बघा. सीबीए जातीचे उंदीर तपकिरी, ए जातीचे पांढरे. एरवी तपकिरीवर पांढऱ्याची कातडी लावली की साधारण 11 दिवसांत खलास. यांनी काय केलं, गाभण सीबीए उंदरिणीच्या पोटातल्या पिल्लांनाच ए जातीच्या पेशी टोचल्या, पिल्लं जन्मून 8 आठवड्यांची झाल्यावर त्यांच्यावर ए ची कातडी लावली, आणि एका वेतातल्या 5 पैकी 3 पिल्लांवर ती टिकली, वर पांढरे केससुद्धा उगवले. (दोघांनी फेकून दिली, हे मागच्या वेळी मी लिहिलंच नव्हतं.)

मग तुमचाच प्रश्न त्यांनाही पडला. म्हणून टिकलेली कातडी असलेल्या उंदरात दुसऱ्या सीबीए उंदराच्या लिम्फ नोड (लिम्फोसाइटनी भरलेल्या छोट्या गाठी) घातल्या, ए च्या विरोधात आधीच तयार झालेल्या. जुनी, नीट रुजलेली कातडी गेली! म्हणजे ती शेवटपर्यंत परकीच होती, मानकुरादासारखी. गप्प होत्या त्या उंदराच्या स्वतःच्या पेशी. आणि गप्प फक्त ए पुरत्या हां, तिसऱ्या जातीची कातडी लावली तर नेहमीसारखी फेकतात. म्हणून याला इम्युनिटी कमी होणं म्हणता येत नाही, गोळ्या देऊन दाबतात ती गोष्ट वेगळी.

गायींमध्ये तर हे आपसूक होतं. जुळ्या वासरांची वार जोडलेली असते, पोटातच एकमेकांचं रक्त मिसळतं, ते ओवेन या शास्त्रज्ञाने 1945 मध्ये दाखवलं, आणि पुढे अशी सख्खी पण वेगळी दिसणारी जुळीसुद्धा एकमेकांची कातडी ठेवून घेतात असं निघालं.

एक चूक मात्र माझी. 'शरीर परक्याला आपलं मानायला शिकतं' असं मी मोघम लिहिलं, त्यावरून वाटतं की कोणाचंही शरीर कधीही शिकेल. तसं नाही. शरीराच्या लिम्फोसाइट घडत असताना भेटलेला परका चालतो, कारण त्याच्यावर धावून जाणाऱ्या बऱ्याचशा पेशी थायमसमध्येच (छातीतली ग्रंथी, तिथे यातल्या टी पेशी घडतात) मारल्या जातात, उरलेल्यांना रेग्युलेटरी टी पेशी आवरून धरतात (2025 चं नोबेल त्यांच्यावरच). मोठेपणी त्याच परक्याच्या पेशी टोचा, बहुतेक वेळा उलटंच होतं. ग्लासगोत भाजलेल्या एका बाईवर भावाची कातडी लावली होती, दुसऱ्यांदा लावली तेव्हा ती पहिल्यापेक्षा लवकर गेली, गिब्सन आणि मेडावरनी 1943 मध्ये छापलंय. म्हणून भाजलेल्या पेशंटला अजूनही त्याच्याच मांडीची कातडी लावतात, दुसऱ्याची लावली तर काही आठवड्यांचं झाकण म्हणून.

आणि हो, कलमाच्या जोडाखालून धुमारे येत असतील तर छाटत चला. ते रायवळाचेच असतात, वाढले तर मानकुराद मागे पडेल.