समेवर मान कधी हलवायची?

'शास्त्रीय संगीतातलं मला काही कळत नाही,' असं उघड सांगणारा माणूस सुखी असतो. तो मैफलीला जातो, डोळे मिटतो, मध्यंतरात वडा खातो आणि 'काय गायले!' म्हणत घरी येतो. माझ्यासारख्याला मात्र 'थोडं शास्त्र समजलं तर अजून मजा येईल' अशी दुर्बुद्धी सुचते आणि त्या दिवसापासून ऐकणं बंद होऊन मोजणी सुरू होते.

मोजणी त्रितालापासून सुरू होते, कारण तो दिसायला गरीब आहे. मात्रा (तालाचे ठोके) १६, चार-चारचे चार विभाग, १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर 'खाली', म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात. पहिली मात्रा म्हणजे सम. अंगठा बोटांवर फिरवत बसलं की झालं, असं वाटतं. पण पहिल्या दोन्ही विभागांचे तबल्याचे बोल 'धा धिं धिं धा' असेच आहेत. एकदा लक्ष उडालं की आपण दुसऱ्या मात्रेवर आहोत की सहाव्या, हे कोणीही सांगू शकत नाही. तेव्हा बोटं सोडून द्यावीत आणि डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या भांड्याकडे, कान लावावा. दहाव्या मात्रेपासून 'तिं तिं ता ता' येतं तेव्हा डग्ग्याचा घुमारा गायब होतो. चौदाव्या मात्रेला, 'धिं'वर, तो परत येतो. तो धरून तीन मात्रा मोजल्या की पुढची सम. एवढं जमलं की मान योग्य जागी हलते आणि मागच्या रांगेतल्या लोकांना आपण जाणकार वाटतो.

हा आनंद विलंबित (संथ) एकताल लागेपर्यंत टिकतो. मात्रा १२च, पण एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची. पूर्ण आवर्तनाला, म्हणजे एका समेपासून पुढच्या समेपर्यंत, जवळपास मिनिट लागतं. एवढ्या वेळात गॅस बंद केला होता का, उद्या दूध किती घ्यायचं, हे सगळं मनात येऊन जातं आणि शुद्धीवर येतो तोवर सम निघून गेलेली असते. इथे मोजूच नये. 'तिरकिट' या बोलाची वाट बघावी. ते एका आवर्तनात दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर 'तू ना' येतं, दुसऱ्यानंतर 'धी ना', आणि लगेच सम. दुसरं तिरकिट गेलं की मुखड्याकडे, म्हणजे समेवर आणून सोडणाऱ्या बंदिशीच्या ओळीकडे, लक्ष ठेवायचं. गवई साधारण तिथेच तो उचलतो.

तिहाईचं गणित त्या मानाने चौथीच्या पुस्तकातलं आहे. एक तुकडा तीनदा, आणि शेवटचा ठोका समेवर. तीन मात्रांचा तुकडा न थांबता तीनदा वाजवला की ९ मात्रा होतात, म्हणून तो त्रितालात नवव्या मात्रेवरून निघतो. पाच मात्रांचा तुकडा मध्ये एकेक मात्रा थांबत वाजवला की १७, म्हणून तो थेट समेवरून उचलायचा. हे माहीत असलं की तिसऱ्यांदा तुकडा सुरू होताच पोटात गोळा येतो: पोहोचतोय की नाही? माझ्या मते शास्त्र शिकण्याचा खरा मोबदला हा गोळाच.

बाकी शास्त्रात विनोद भरपूर आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची वाटणी १० थाटांत, म्हणजे सात-सात स्वरांच्या चौकटींत, केली. त्यातले कल्याण आणि बिलावल हे दोन थाट फक्त मध्यमात (म) वेगळे. एकात तीव्र, दुसऱ्यात शुद्ध. आता भूप हा राग कल्याण थाटात आणि देसकार बिलावलात. दोघांचे स्वर मात्र तेच पाच: सा रे ग प ध. मध्यम दोघांतही नाही! म्हणजे जो स्वर घरात राहतच नाही, त्याच्यावरून सातबारा कोणाच्या नावावर हे ठरलं. नवशिक्या इथे वही मिटतो, आणि मिटावीच. वही मिटून गवई बसतो कुठे ते बघावं. भूप गंधाराशी (ग) रेंगाळतो. देसकार धैवतावर (ध) ठाण मांडतो आणि वरच्या अंगात वावरतो. भूप संध्याकाळनंतरचा, देसकार सकाळचा. वादी-संवादी (रागातले दोन मुख्य स्वर) पाठ करून जे कळत नाही, ते दोन्ही राग लागोपाठ १५-१५ मिनिटं ऐकून कळतं.

जाता जाता एक इशारा. फोनवरच्या ट्यूनरला गवयाचा गंधार सुमारे १४ सेंट (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट) उतरलेला दिसला, तर कोणाला सांगू नका. ट्यूनर पेटीच्या समान अंतरांवर बेतलेला असतो आणि तंबोऱ्याशी जुळणारा गंधार तेवढा खालीच असतो.

खरी परीक्षा मारवा या रागाची. मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचेही स्वर तेच: कोमल रे, तीव्र म, बाकी शुद्ध, आणि पंचम (प) नाही. पूरिया मंद्रात (खालच्या सप्तकात) गंधार-निषाद (ग-नि) धरून बसतो, सोहनी तार (वरच्या) सप्तकात चमकते आणि मारवा मधल्या कोमल ऋषभावर (रे) आणि धैवतावर अडून राहतो. पंचमच नाही म्हणून तंबोऱ्याची पहिली तार बहुधा निषादात मिळवतात. उरलेल्या तीन तारा 'सा, सा' म्हणून बोलावत असतात आणि गवई ध, नि, रे करत त्या दारावरून नुसता ये-जा करतो. हे माहीत नसताना मारवा ऐकून नुसतं उदास वाटतं. माहीत असलं की उदास का वाटतंय तेही कळतं, आणि अजूनच उदास वाटतं. मग कधीतरी तो षड्जावर (सा) येऊन टेकतो आणि अख्खं सभागृह श्वास सोडतं.

नेमका त्याच वेळी शेजारचा विचारतो, "कोणता राग हो?" त्याला हातानेच थांबायची खूण करावी. दुसरं तिरकिट नुकतंच गेलेलं असतं.