मुंजा कुठे गेला?

मामाने पाठवलेल्या फाइलचं नाव होतं ‘मुंज डॉट टीएक्सटी’. सोबत निरोप : “विन्याच्या मुंजीचा फोटो आहे. तेवढा उघडून दे. तू कॉम्प्युटरवाला ना!” आमच्या घराण्यात कॉम्प्युटरवाल्याचा मान शेगडी दुरुस्त करणाऱ्याएवढाच आहे. फक्त शेगडीवाल्याला पैसे मिळतात.

जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी मामाने सगळ्या मेल टेक्स्ट म्हणून साठवून ठेवल्या होत्या, त्यातली ही एक. उघडली तर आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा. पण पहिली चार चिन्हं पाहिली आणि मी मांडीवर थाप मारली. तिरकी रेघ, नऊ, जे, तिरकी रेघ! बेस-६४ मध्ये गुंडाळलेला जेपेग फोटो असाच सुरू होतो. ई-मेल मुळात साध्या मजकुरासाठी बनलेली. फोटो जसाच्या तसा घातला तर वाटेत बिघडायचा. म्हणून त्याचे दर ३ बाइट ४ साध्या चिन्हांत बांधायचे. मोठी अक्षरं २६, छोटी २६, आकडे १०, वर अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ, झाली ६४. सामान तेवढंच, गाठोडं एक तृतीयांशाने मोठं. आमची मामी गावाला निघते तेव्हा हेच होतं.

“एका ओळीची कमांड आहे मामा, पाच सेकंद,” मी फोनवर म्हणालो. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडली. गाठोडं सोडायची कमांड लिहिली, पुढे बाण (>) काढला आणि बाणापुढे निकालाच्या फाइलचं नाव टाकलं. घाईत टाकलं तेच, मुंज डॉट टीएक्सटी. आता टर्मिनलची रीत अशी, की बाण दिसला की ते आधी समोरचं पातेलं घासून पालथं घालतं आणि मग आज स्वयंपाक काय ते बघतं. इथे शिजवायचं आणि वाढायचं पातेलं एकच. फाइल शून्य बाइट! एरवी साधी खिडकी बंद करताना ‘नक्की ना?’ म्हणून दोनदा विचारणारं हे यंत्र. पण टर्मिनलमध्ये शिरलं की मौनव्रत.

“मामा, फाइल परत पाठव.”

“काल तर पाठवली. हरवलीस?”

“नेटचा प्रॉब्लेम,” मी म्हणालो. बिचारं नेट.

दुसऱ्या खेपेला ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणत कमांड जागीच बसली. हाती आले ५७ बाइट, म्हणजे ७६ अक्षरांची बरोब्बर पहिली ओळ. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह ठेवतं, ते हिला खपेना. सगळी उपटली. तिसऱ्या खेपेला पुन्हा तीच तक्रार, पण या वेळी निदान फोटो उघडला.

अर्धा. मांडव होता, फेटे होते, मामीच्या नाकातली नथ होती. हनुवट्यांच्या खाली मात्र सरसकट राखाडी. आणि मुंजा आठ वर्षांचा असल्यामुळे तो अख्खाच्या अख्खा राखाडीत गेला होता! घरभर पाहुणे जमलेत आणि ज्याची मुंज तोच गायब.

या कमांडला एक स्विच असतो. तो लावला की ती ओळखीबाहेरच्या चिन्हांकडे काणाडोळा करते. म्हटलं, चला, सगळं पदरात घे बाई. राखाडी गेली. विन्या दिसला. पण हनुवटीखालची सगळी मंडळी हातभर उजवीकडे सरकली होती, त्यामुळे काकांच्या डोक्याखाली आत्याची पैठणी आली होती, आणि विन्या शेंडीपासून लंगोटीपर्यंत हिरवागार. विहिरीतून नुकताच काढल्यासारखा.

मग चष्मा पुसून फाइल ओळ-ओळ वाचायला बसलो. वाचायला म्हणजे, त्या भिंतीवरून नुसता डोळा फिरवत राहिलो. रात्री साडेअकराला सापडली. ७६-७६ अक्षरांच्या शिस्तीत मधोमध एक आखूड ओळ, रोमन लिपीत : ‘काय आहे हे?’

कमांडने मधल्या मोकळ्या जागा आणि प्रश्नचिन्ह इमानाने फेकून दिलं होतं. पण अक्षरं आठ, आणि आठही त्या ६४ मधली. ती तिने फोटोचाच भाग समजून पोटात घेतली. आठ अक्षरांचे सहा बाइट. त्या सहांनी पैठणीसकट अर्धं खानदान हलवलं होतं.

ओळ खोडली. फोटो लख्ख. मुंजा जागेवर, गोरापान, रडवेला. मामाला फोन लावला.

“मामा, फाइलमध्ये मधे काही टाइप केलं होतंस?”

“केलं होतं की. उघडली तर सगळं अगम्य. म्हटलं तुला विचारावं, काय आहे हे,” मामा म्हणाला. “दोनदा पाठवली फाइल, पण तू उत्तर कुठं दिलंस?”