फाईल बंद करायची घाई

लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी वाचली की माझ्या तोंडून पहिला शब्द 'फाशी' हाच निघतो. आजही निघतो. त्यामुळे फाशी मागणाऱ्यांना कुणी सरसकट रानटी म्हणायला लागलं की मला राग येतो. ती मागणी बहुतेक वेळा गेलेल्या जिवाच्या कळवळ्यातून येते. ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलंय, त्यांना 'क्षमा करा' म्हणायचा अधिकार मला नाही.

तरीही आता मी फाशीच्या विरोधात आहे. माझं मत कशाने बदललं ते सांगते.

लंडनमधलं एक घर. वर टिमोथी इव्हान्स, त्याची बायको आणि तान्ही मुलगी राहायची. तळमजल्यावर जॉन ख्रिस्टी. १९४९च्या डिसेंबरमध्ये मायलेकींचे मृतदेह सापडले. इव्हान्सने पोलिसांना कबुली दिली, मग ती फिरवली आणि 'हे ख्रिस्टीने केलंय' असं सांगत राहिला. त्याच्या विरोधातला सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार कोण होता? ख्रिस्टीच. मार्च १९५० मध्ये मुलीच्या खुनासाठी इव्हान्सला फाशी दिली. १९५३ मध्ये त्याच घराच्या स्वयंपाकघरात, वॉलपेपर लावून झाकलेल्या कोनाड्यात तीन बायकांचे मृतदेह निघाले. पुढच्या खोलीच्या जमिनीखाली ख्रिस्टीची बायको निघाली. या चौघी इव्हान्सच्या फाशीनंतर मारल्या गेल्या होत्या. इव्हान्सच्या बायकोलाही आपणच मारल्याचं ख्रिस्टीने कबूल केलं. त्यालाही फाशी झाली, आणि त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही, हेही सांगून टाकते.

पण त्या चौघींचा विचार काही केल्या मनातून जात नाही. आपण म्हणतो, फाशी पीडितांसाठी हवी. इथे फाशी झाली, फाईल बंद झाली, सगळ्यांना हायसं वाटलं आणि खरा खुनी खालच्या मजल्यावर मोकळा राहिला. चुकीच्या माणसाला जन्मठेप झाली तरी खरा गुन्हेगार सुटतोच, कबूल. पण आत बसलेला माणूस 'मी नाही केलं' असं ओरडत तरी असतो. एखादा वकील, एखादा पत्रकार कधीतरी ते ऐकतो. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ मध्ये. ती घ्यायला तो नव्हता.

'वचक बसतो' या मुद्द्यात जोर असता तर मी कदाचित डगमगले असते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये त्यावरची तीन दशकांहून जास्त काळातली संशोधनं तपासली आणि सांगितलं की फाशीमुळे खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीच त्यांवरून ठरवता येत नाही. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली. त्यानंतरच्या दशकांत तिथलं खुनांचं प्रमाण उलट खाली आलं. ते फाशी गेल्यामुळे आलं असं मी म्हणत नाही. पण फाशी गेली की रक्ताचे पाट वाहतील, हे भाकीत खोटं ठरलं.

'यांना आयुष्यभर फुकट पोसायचं का?' या प्रश्नावर मी वेळ घालवत नाही. माणूस मारायचा की नाही हे जेवणाच्या खर्चावरून ठरवू नये.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. जन्मठेप झालेला नराधम काही वर्षांनी बाहेर येऊन पुन्हा तेच करेल, ही भीती खोटी नाही. तिला माझं उत्तर एवढंच, की अशांना बाहेर सोडूच नका. मरेपर्यंत आत ठेवा. त्यासाठी दोर लागत नाही.

'पण पुरावा पक्का असेल तर?' हे मला नेहमी विचारलं जातं. जपानच्या इवाओ हाकामाताचा खटला बघा. पूर्वी बॉक्सर असलेला हा माणूस मिसोच्या, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या जपानी पेस्टच्या, कारखान्यात कामाला होता. १९६६ मध्ये मिसो कंपनीतल्या एका अधिकाऱ्याच्या घरातल्या चौघांचा खून झाला. जवळपास वीस दिवसांच्या चौकशीनंतर हाकामाताने कबुली दिली, कोर्टात ती नाकारली. खुनानंतर चौदा महिन्यांनी मिसोच्या टाकीत रक्ताने माखलेले कपडे 'सापडले'. त्यातली पँट पुढे अपिलाच्या वेळी त्याला घालून बघितली, तर ती मांडीवरून वर सरकेना. पण त्याआधीच, १९६८ मध्ये, तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्याला दोन विरुद्ध एक अशी फाशी सुनावली होती. ज्या एकाला तो निर्दोष वाटत होता, त्यालाच निकालपत्र लिहावं लागलं. त्या न्यायाधीशाने नंतर पद सोडलं आणि २००७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की माझ्या मते हा माणूस निर्दोष होता. चाळीस वर्षं ते ओझं त्याने कसं वाहिलं असेल?

जपानमध्ये फाशीची बातमी कैद्याला त्याच दिवशी सकाळी देतात. म्हणजे शिक्षा कायम झाल्यावर रोज सकाळी कोठडीबाहेरच्या पावलांकडे कान लावून बसायचं. २०१४ मध्ये हाकामाता बाहेर आला तेव्हा त्याचं मन पार मोडलेलं होतं. घरातल्या घरात तो तासन्‌तास येरझाऱ्या घालत राहायचा.

सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं की ते कपडे तपास यंत्रणेनेच रक्त लावून टाकीत टाकले होते. हाकामाता निर्दोष. ते निकालपत्र लिहिणारा न्यायाधीश २०२० मध्येच वारला होता. भावासाठी जन्मभर लढलेली ९१ वर्षांची बहीण कोर्टात हजर होती. ८८ वर्षांचा भाऊ आला नव्हता, त्याची ती अवस्थाच राहिली नव्हती. पण तो जिवंत होता.