रिव्ह्यूला उत्तर: पाइपलाइनमधले 'फेल'चे मेल आम्ही का काढले

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला, टीमलाही वाचायला दिला. इतर कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी तुमच्या तक्रारी आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे शंभराहून जास्त पाइपलाइन (डेटा एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या) आहेत, प्रत्येकीवर फेल झाल्याचा मेल हवा असं तुम्ही सांगितलं होतं. आम्ही उलट होते तेही मेल काढले. एवढे पैसे घेऊन ॲझ्युअरमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये) मोजकेच अलर्ट नियम लावले. मध्यरात्री मुद्दाम पाइपलाइन पाडून तुमच्या माणसाला उठवलं. आणि एका रविवारी एका डेपोची स्टॉकची फाइल आलीच नाही तरी कुणाला काही कळलं नाही. सोमवारी सेल्सच्या लोकांनी शनिवारचा स्टॉक बघून ऑर्डरी घेतल्या.

तुमच्या कंपनीचे बाकी तपशील इथे उघड करणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी मेलचं. हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण अख्ख्या कामाचा पाया तोच आहे. डेटा फॅक्टरी या ॲझ्युअरच्या पाइपलाइन चालवणाऱ्या सेवेत एका ॲक्टिव्हिटीतून, म्हणजे पाइपलाइनच्या एका पायरीतून, पुढे चार प्रकारचे बाण काढता येतात: यशस्वी झाली तर, फेल झाली तर, कशीही का होईना पूर्ण झाली तर, आणि वगळली गेली तर. तुमच्या जुन्या पाइपलाइनमध्ये डेटा उचलून नेणाऱ्या कॉपी ॲक्टिव्हिटीला 'फेल झाली तर'चा लाल बाण होता. त्याच्या टोकाला वेब ॲक्टिव्हिटी, ती लॉजिक ॲपला (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या ॲझ्युअरच्या सेवेला) कॉल करणार आणि लॉजिक ॲप मेल पाठवणार. दिसायला सरळ आहे, आणि अनेक ठिकाणी असंच केलेलं असतं.

पण पाइपलाइन पास की फेल हे डेटा फॅक्टरी ठरवते ते टोकाच्या ॲक्टिव्हिटींवरून. कॉपी पडली, लाल बाणावरून वेब ॲक्टिव्हिटी चालली, मेल व्यवस्थित गेला. टोकाची ॲक्टिव्हिटी यशस्वी झाली, म्हणून पाइपलाइनही यशस्वी! डेटा फॅक्टरीच्या स्क्रीनवर हिरवी खूण. जी मुख्य पाइपलाइन हिला बोलावते तिलाही सगळं ठीक वाटतं आणि ती पुढच्या पायरीवर जाते, म्हणजे कालच्याच डेटावर रिपोर्ट रिफ्रेश होतात. मेल ज्याच्या इनबॉक्समध्ये पडला त्याने तो उघडला नाही, तर पाइपलाइन पडल्याची खूण एरवी बघितल्या जाणाऱ्या स्क्रीनवर कुठेच उरत नाही.

त्यातही सगळीकडे एकसारखं नव्हतं. ज्या पाइपलाइनमध्ये कॉपीच्या पुढे यशाचाही बाण होता, तिथे ती यशाची फांदी वगळली जायची, मग निकाल तिच्या आधीच्या पडलेल्या कॉपीवरून ठरायचा आणि पाइपलाइन लाल व्हायची. जिथे फक्त लाल बाण होता तिथे हिरवी. बिघाड तोच, निकाल दोन. काही पाइपलाइनमध्ये तर मेलचा बाण फक्त शेवटच्या ॲक्टिव्हिटीला होता. मधली एखादी पडली की शेवटची चालतच नाही, वगळली जाते, मग तिचा 'फेल' बाणही पेटत नाही आणि मेलही जात नाही. मेल आला नाही म्हणजे सगळं नीट झालं, असा भरवसा तुमची टीम त्या मेलवर ठेवत होती. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

मेलनंतर फेल ॲक्टिव्हिटी (पाइपलाइनला मुद्दाम फेल करणारी पायरी) जोडून पाइपलाइन लाल ठेवता येते, हे तुमच्या टीममधल्या इंजिनिअरने सुचवलं होतं आणि ते बरोबर आहे. पण मग ती जोडणी शंभर ठिकाणी करायची, आणि पुढे नवी पाइपलाइन बनवणाऱ्या प्रत्येकाने ती आठवणीने करायची. पाइपलाइनने स्वतःच्या पडण्याची बातमी स्वतः द्यायची ही रचनाच मला मान्य नाही. बातमी देणारं बाहेर असावं. म्हणून मेल काढले. पाइपलाइन पडली तर ती लाल दिसू दे, आणि तो लाल रंग बघायचं काम ॲझ्युअर मॉनिटर या देखरेखीच्या सेवेने करू दे.

आता 'मोजकेच नियम' याबद्दल. डेटा फॅक्टरी फेल झालेल्या पाइपलाइन रनचा (चालण्याच्या फेऱ्यांचा) आकडा मेट्रिक, म्हणजे मोजमाप, म्हणून मॉनिटरला देते, आणि त्याला पाइपलाइनच्या नावाचं डायमेन्शन असतं, म्हणजे तो आकडा नावागणिक वेगळा बघता येतो. डायमेन्शन न लावता सगळ्यांची बेरीज बघणारा एकच नियम लावणं चुकीचं ठरलं असतं. मेट्रिक अलर्ट एकदा वाजला की तो मिटेपर्यंत परत वाजत नाही, आणि सलग तीन तपासण्यांत सगळं ठीक दिसल्यावरच मिटतो. तेवढ्या वेळात दुसरी पाइपलाइन पडली तर तिची खबर पहिलीच्या अलर्टखाली दबून जाते. नावाचं डायमेन्शन लावून 'आत्ताची आणि यापुढची सर्व' असं निवडलं की प्रत्येक पाइपलाइनचा हिशेब वेगळा ठेवला जातो, दोघी एकदम पडल्या तर दोन अलर्ट येतात. उद्या तुमच्या टीमने नवी पाइपलाइन आणली तरी ती आपोआप या पहाऱ्यात येते. आम्हाला फोन करायची गरज नाही, आम्हाला पैसे द्यायचीही नाही. शंभर पाइपलाइनला शंभर नियम लावून देणं आम्हाला सोपं होतं आणि बिलात ते भरगच्चही दिसलं असतं. पण एकशे एकावी पाइपलाइन उघडी राहिली असती.

नियम एकाऐवजी काही थोडे आहेत, कारण सगळ्या पाइपलाइनची निकड सारखी नाही. पाइपलाइनची नावं आम्ही का बदलायला लावली हे तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर इथेच आहे. नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून नियम गट ओळखतो. बिलिंग आणि डिस्पॅचच्या पाइपलाइन पडल्या तर ड्युटीवरच्या माणसाला फोन जातो. मार्केटिंगच्या आठवडी आकड्यांची पडली तर मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या चॅनलवर एक नोंद पडते, ती सकाळी बघितली तरी चालतं. पूर्वी सगळे मेल एकाच ग्रुपवर जात होते आणि त्या ग्रुपमधली निम्मी मंडळी बिझनेसची होती, ज्यांच्या हातात दुरुस्तीचं काहीच नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होती. आता ज्याला दुरुस्त करता येईल त्यालाच हाक जाते.

शिवाय तुमच्याकडे पाइपलाइन एकीच्या पोटात एक अशा तीन थरांपर्यंत आहेत. आतली पडली की मधली पडते, मग वरची. बिघाड एक आणि मेल तीन. हे थांबवायला प्रत्येक रनच्या नोंदी लॉग ॲनालिटिक्समध्ये (ॲझ्युअरमधल्या नोंदी साठवून शोधायच्या जागी) साठवून तिथली क्वेरी वापरली आहे: मुळात कुठली ॲक्टिव्हिटी पडली ते शोधते आणि रन आयडी व एररचा मजकूर एकाच नोंदीत देते. मेट्रिकच्या अलर्टमध्ये एररचा मजकूर येत नाही, फक्त कोण पडलं ते येतं. म्हणून पहिली हाक लगेच येते आणि कारण काही मिनिटांनी, कारण लॉग पोचायला तेवढा वेळ लागतो. 'मेलमध्ये एरर दिसत नाही' या तुमच्या वाक्याचं उत्तर हेच: ती मागोमाग येणाऱ्या नोंदीत आहे. लॉग ॲनालिटिक्सचा जादा खर्च कशाला, असंही तुम्ही म्हणता. डेटा फॅक्टरी स्वतः रनचा इतिहास फक्त 45 दिवस ठेवते. तिमाहीच्या शेवटी ऑडिटरने मागच्या महिन्यांचं विचारलं तर दाखवायला काही हवं.

रात्रीच्या चाचणीवर मी ठाम आहे. तारीख आणि वेळ तुमच्या टीमला आधी कळवली होती आणि खरी पाइपलाइन एकही पाडली नव्हती. चाचणीसाठी वेगळी पाइपलाइन आहे, तिच्यात फक्त एक फेल ॲक्टिव्हिटी आहे. ती मुद्दाम पडते आणि नियम, ॲक्शन ग्रुप (कुणाला कसं कळवायचं याची यादी), फोन ही सगळी साखळी चालते की नाही ते दाखवते. नंबर बदललेला असतो, सुट्टीवर गेलेल्याचं नाव यादीत राहिलेलं असतं, मेल स्पॅममध्ये जात असतो. या गोष्टी खऱ्या बिघाडाच्या रात्री कळण्यापेक्षा ठरवलेल्या रात्री कळाव्यात. ज्यांची झोप मोडली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी फोन उचलला आणि नोंद बंद केली, म्हणूनच चाचणी पूर्ण झाली. तुम्हाला वेळ अडचणीची वाटत असेल तर संध्याकाळची ठेवू, पण चाचणी सोडू नका.

आणि रविवार. ती डेपोची पाइपलाइन फाइल आल्यावर सुरू होते. फाइल आली नाही, ट्रिगर पेटला नाही, रन झाला नाही. जो रन झालाच नाही तो फेल होत नाही, त्यामुळे फेलचे अलर्ट कितीही लावले तरी तिथे गप्पच बसणार. तुमचे जुने मेल असते तरी तेही आले नसते. फाइल रिकामी आली असती तरी तेच झालं असतं. शून्य ओळी कॉपी झाल्या तरी कॉपी ॲक्टिव्हिटी यशस्वीच होते. पण ऑर्डर घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने 'फेल झाली' आणि 'आलीच नाही' यांत काहीही फरक नाही, त्याच्यासमोर स्टॉक चुकीचाच होता. तुमचा राग मला त्याच्या बाजूने समजतो आणि तो रास्त आहे.

यावर उपाय वेगळा असतो. लॉगमध्ये न घडलेल्या गोष्टीची ओळ नसते, म्हणून नुसत्या लॉगवर क्वेरी लावून भागत नाही. कुठल्या डेपोकडून, कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत, किमान किती ओळी अपेक्षित आहेत याची यादी आधी हवी. मग ती यादी झालेल्या रनशी ताडून जे आलं नाही त्यावर अलर्ट लावता येतो. ही यादी ॲझ्युअरमध्ये कुठे सापडत नाही, ती डेपो मॅनेजरच्या डोक्यात असते. रविवारी कुठला डेपो बंद, महिनाअखेरीला कुणाची फाइल उशिरा, यात्रेच्या किंवा गणपतीच्या दिवसांत काय बदलतं, हे आम्ही अंदाजाने भरलं तर दर रविवारी खोटे फोन वाजतील आणि महिन्याभरात लोक ते उचलणं बंद करतील. आमच्या प्रस्तावात हे काम दुसऱ्या टप्प्यात होतं. तुम्ही तो टप्पा बजेटमुळे पुढच्या तिमाहीवर नेला, आणि तेव्हा मीही ते मान्य केलं होतं.

आता तेवढी वाट बघू नये असं मला वाटतं. स्टॉक आणि बिलिंगच्या फाइलींपुरता हा भाग आम्ही आत्ताच लावून देतो, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. त्यासाठी डेपोंच्या वेळांचा तक्ता लागेल. त्याचा साधा एक्सेल नमुना मराठीत करून आज तुमच्या मेलवर पाठवला आहे, म्हणजे डेपोतल्या मंडळींना तो थेट भरता येईल. सगळे डेपो एकदम नको, रविवारी गडबड झालेल्या डेपोपासून सुरुवात करू. तो भरून आला की दुसऱ्या दिवशी आमचा इंजिनिअर तुमच्या टीमसोबत बसेल. जुने मेल परत हवेच असा तुमचा निर्णय असेल तर तेही लावून देऊ, फक्त प्रत्येकाच्या पुढे फेल ॲक्टिव्हिटी जोडूनच.